मिक्सर फिरतो पण वाटत नाही: न्यू जर्सीला गेलेल्या मावशीच्या बॅगेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे आमच्या नात्यातलंच प्रकरण आहे, संबंधितांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मावशी आणि काका, दोघंही साठीच्या पुढचे, राहणार नाशिककडे. मुलगी म्हणजे माझी मावसबहीण, तिला मी ताई म्हणते, ती आणि भाऊजी न्यू जर्सीत एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. ताईचं पहिलं बाळंतपण, म्हणून मावशी-काका जवळपास सहा महिन्यांसाठी निघालेले, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. बॅग भरण्याचं काम महिनाभर आधीपासून चालू होतं, अळीव, डिंक, मेथ्या, गोडा मसाला, बाळाची दुपटी वगैरे सगळं यादी करून. विजेच्या वस्तूंची मात्र यादी नव्हती, त्या "असू दे, लागेल" म्हणून एकेक आत जात राहिल्या.

मी एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, त्यामुळे नातेवाइकांत कुणाचा गीझर बिघडला तरी फोन मलाच येतो. या वेळी पहिला फोन आला तो मंडळी तिकडे पोचल्यावर, मिक्सरमधून वास यायला लागल्यावर.

बॅगेत काय होतं

७५० वॅटचा मिक्सर आणि त्याची तीन भांडी, कारण तिकडच्या ब्लेंडरमध्ये ओल्या नारळाची चटणी नीट होत नाही असं मावशीला तिच्या मैत्रिणीने सांगितलेलं. काकांचं सीपॅप मशीन, त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे आणि रात्रभर मास्क लावून झोपावं लागतं. बीपी मोजायचं मशीन. गुडघे शेकायची इलेक्ट्रिक पिशवी, ती आतल्या पाण्यासकट गरम होते ना, तीच. डासांचं लिक्विडवालं मशीन. देव्हाऱ्याला लावायची एलईडीची माळ. शिवाय दोन मोबाइल, एक टॅब, ट्रिमर आणि पॉवर बँक. इलेक्ट्रिक किटलीसुद्धा होती पण तेवीस किलोचा काटा ओलांडायला लागल्यावर ती बाहेर निघाली, ते एक बरं झालं.

आता हे सगळं तिकडे लावायचं कसं, म्हणून काका मोबाइलचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले, अमेरिकेला जायचंय म्हणाले, आणि दुकानदाराने युनिव्हर्सल अडॅप्टर काढून दिला. "काका, दीडशे देशांत चालतो, काहीही लावा बिनधास्त." आता हे वाक्य अर्धं खरं आहे. अडॅप्टर दीडशे देशांच्या भिंतीत बसतो यात खोटं काही नाही. पण त्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं की हा व्होल्टेज बदलत नाही, आणि जास्तीत जास्त सहा अँपिअर. ते दुकानदाराने वाचलं नव्हतं आणि काकांनी चष्मा घरी ठेवला होता.

आधी दोन मिनिटं मूळ फरकाबद्दल

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला प्लग गोल पिनांचा, त्यांचा दोन चपट्या पट्ट्यांचा, आणि अर्थिंगवाला असेल तर खाली तिसरी गोल पिन. आपला गोल तीन पिनांचा प्लग मुळात ब्रिटिशांचा, १९३४ च्या त्यांच्या स्टँडर्डमधला. ब्रिटिशांनी स्वतः १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवीन प्लग आणला आणि आपण त्यांचा जुनाच धरून राहिलो. म्हणून दुबई किंवा लंडनच्या विमानतळावर आपले लोक त्या चौकोनी सॉकेटच्या वरच्या भोकात पेन खुपसून दोन पिनांचा चार्जर घुसवताना दिसतात. वरच्या अर्थच्या भोकात काहीतरी गेल्याशिवाय खालची झडप उघडत नाही, म्हणून तो उपद्व्याप. करू नका.

तर पिनांचा आकार हा सगळ्यात वरवरचा फरक, तो दोनशे रुपयांत सुटतो. खरा प्रश्न व्होल्टेजचा, आणि त्यात वस्तूंचे गट पडतात. ज्यांच्यात इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय असतो, म्हणजे मोबाइल चार्जर, लॅपटॉप, बहुतेक सीपॅप, त्यांच्यावर "इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असं छापलेलं असतं, त्यांना जगात कुठेही फक्त पिन बदलून लावा. ज्या वस्तू नुसती उष्णता तयार करतात, किटली, इस्त्री, शेकायची पिशवी, त्यांचं गणित सरळ आहे, व्होल्टेज अर्धं झालं की वॅट साधारण पाव होतात. १२० भागिले २३० चा वर्ग केला की ०.२७ येतात. म्हणजे दीड हजार वॅटची किटली तिकडे चारशे वॅटची होते आणि लिटरभर पाण्याला चार मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं घेते. जळत काही नाही, पण चहाची तल्लफ मरते. आणि तिसरा गट मोटारींचा, तिथेच हे प्रकरण सुरू होतं.

अडचण एक: मिक्सर

पोचल्यावर दोनेक दिवसांत मावशीने खोबऱ्याचं वाटण लावलं. मिक्सर फिरला, म्हणून सगळ्यांना वाटलं की चालतोय. आवाज बारीक, वेग कमी, पातं फिरतंय पण खोबरं तसंच. मावशीला वाटलं प्रवासात काहीतरी सैल झालं असेल, म्हणून तिने वरून झाकण दाबून बराच वेळ चालवला, मग पाणी घालून परत, मग तीन नंबरवर. शेवटी गरम वार्निशचा वास आला आणि मिक्सर बंद पडला.

इथे काय झालं ते सांगते, कारण "व्होल्टेज कमी म्हणजे धोका नाही" असं बरेच जण समजतात. मिक्सरमध्ये कार्बन ब्रशवाली मोटर असते, तिला ५० हर्ट्झ की ६० याचं फारसं काही नसतं, पण व्होल्टेज निम्मं झालं की जोर खूप पडतो. रिकामं भांडं फिरवेल. भरलेल्या भांड्यात पातं अडकत अडकत चालतं, आणि मोटर जितकी हळू फिरते तितका करंट जास्त ओढते, वर तिला थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर, तोही हळू. म्हणजे उष्णता जास्त आणि वारा कमी. सुदैवाने खालचं लाल ओव्हरलोड बटण वेळेत उडालं. मी व्हिडिओ कॉलवर आधी प्लग काढायला लावला, मग उलटा करून ते बटण दाखवलं, आणि सांगितलं की अर्धा दिवस हात लावू नका आणि या घरात तर परत लावूच नका.

यातच एक उपकथा. मिक्सर बंद पडल्यावर मावशीने भिंतीकडे बघितलं, आपल्यासारखं सॉकेटशेजारी बटण शोधलं. अमेरिकेत सॉकेटला बटण नसतं, प्लग घातला की वीज चालू. पण स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळच्या सॉकेटवर मध्येच दोन छोटी बटणं असतात, एक टेस्टचं आणि एक रीसेटचं, ती गळती झाली की वीज तोडणाऱ्या यंत्रणेची. मावशीने त्यातलं टेस्टचं दाबलं, बरोबर ते सॉकेट बंद झालं, आणि त्याच्या पुढे जोडलेली ओट्यावरची बाकीची सॉकेटंसुद्धा गेली. संध्याकाळी ताईचा टोस्टर चालेना, कॉफी मशीन चालेना, सगळ्यांनी दोष दिला मिक्सरला, की याने वायरिंग जाळलं. भाऊजी मेंटेनन्सवाल्याला बोलावणार होते. मी म्हटलं ते रीसेट जोरात दाबा, टक आवाज येईपर्यंत. आलं.

अडचण दोन: सीपॅप रात्री मध्येच बंद

हे जास्त महत्त्वाचं, आणि याला वेळही जास्त गेला.

काकांचं मशीन काही रात्री मध्येच बंद पडायचं, काही रात्री सकाळपर्यंत व्यवस्थित. बंद पडलं की काका गुदमरल्यासारखे जागे व्हायचे, मास्क काढून बसायचे, परत चालू करायला बघावं तर मशीन मेलेलं, आणि सकाळी ताई बघायला यायची तेव्हा चालू. मशीनच्या पॉवर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट स्पष्ट छापलेलं, मी फोटो मागवून बघितलं होतं, म्हणजे व्होल्टेजचा प्रश्न नव्हताच.

पहिला संशय अडॅप्टरवर, आणि तो रास्त होता. आपला जाड तीन पिनांचा प्लग, तो त्या चौकोनी अडॅप्टरमध्ये, आणि तो सगळा डोलारा अमेरिकेच्या दोन पातळ पट्ट्यांवर लटकलेला, वजनाने तो पुढे झुकतोच. त्यांनी त्याला चिकटपट्टी लावली. एक-दोन रात्री बरं गेलं, मग परत बंद. मी सांगितलं की चिकटपट्टीचे धंदे सोडा, पॉवर सप्लायपासून भिंतीपर्यंतची जी कॉर्ड आहे ती सुटी निघते, तिच्या मशीनकडच्या टोकाचा फोटो काढा आणि तसलीच अमेरिकन प्लगची कॉर्ड तिथे घ्या, थोडक्या डॉलरमध्ये मिळते. भाऊजींनी घेतली, लावली, प्लग भिंतीत घट्ट बसला. आणि तिसऱ्या की चौथ्या रात्री मशीन परत बंद.

आता घरात टेन्शन. भाऊजींचं म्हणणं पॉवर सप्लायला ६० हर्ट्झ मानवत नाहीये. काकांचं म्हणणं मशीन विमानात आपटलं. ताईने नवीन मशीनची चौकशी सुरू केली, तिकडे त्यासाठी डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि व्हिजिटर म्हणून गेलेल्या माणसाला हे प्रकरण खिशाला चांगलंच लागतं. सॉकेटवर संशय कुणाचाच नव्हता, कारण तिकडे एका सॉकेटात वर-खाली दोन प्लग बसतात, मशीन वर आणि त्याच सॉकेटच्या खालच्या भोकांत काकांचा मोबाइल लावलेला असायचा आणि तो सकाळी शंभर टक्के चार्ज.

मला खटकलं ते हे की मशीन सकाळी आपोआप चालू कसं होतं. बिघडलेला पॉवर सप्लाय असा वेळापत्रकाने वागत नाही. मी विचारलं, त्या खोलीत छताला दिवा आहे का? नाही, टेबल लॅम्प आहे. मग दाराजवळ बटण आहे का? आहे, पण त्याने काहीच होत नाही, ताई म्हणाली, आम्ही आलो तेव्हापासून ते बटण उगाचच आहे.

ते उगाच नव्हतं. अमेरिकेत बऱ्याच बेडरूममध्ये छताला दिवा नसतो, त्याऐवजी भिंतीवरच्या एका सॉकेटचा अर्धा भाग दाराजवळच्या बटणावर जोडलेला असतो, म्हणजे आत येताना बटण दाबलं की तिथे लावलेला लॅम्प पेटावा, आणि तिथल्या विजेच्या नियमांत हे बसतं. वरची भोकं बटणावर, खालची कायम चालू. ताईचा लॅम्प दुसऱ्याच सॉकेटवर होता म्हणून तिला कधी कळलंच नाही. आणि मावशी, रात्री बाथरूमला किंवा बाळाकडे जाऊन आली की सवयीने दाराजवळची सगळी बटणं बंद करायची, आपण घरी करतोच की, झोपताना बटणं बंद. सकाळी उठली की सवयीनेच वर-खाली करून बघायची. शिवाय तिकडे बटण वर केलं की चालू आणि खाली केलं की बंद, आपल्या उलट, त्यामुळे काय चालू आणि काय बंद हे तिलाही सांगता येईना.

खात्री करायला मी लॅम्प आणून वरच्या भोकात लावायला सांगितला आणि दाराजवळचं बटण दाबायला सांगितलं. लॅम्प विझला. मशीनचा प्लग खाली, मोबाइल वर, विषय संपला. बटणावर ताईने कागद चिकटवला.

चटणीसाठी काय पर्याय होते

सीपॅपचा प्रश्न सुटला तरी वाटणाचा होताच, बाळंतिणीचं जेवण रोजचं, त्याला रोज काहीतरी वाटायचं. चार पर्यायांवर घरात चर्चा झाली.

पहिला, ट्रान्सफॉर्मर घेणे. १२० चे २३० करून देणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर तिकडे मिळतो, आणि मावशीचा कल याकडेच होता कारण मिक्सर स्वतःचा. पण ७५० वॅटच्या मिक्सरला ७५० चा ट्रान्सफॉर्मर घेऊन भागत नाही, मोटर सुरू होताना कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे निदान दीड हजार वॅटचा हवा. तो विटेसारखा जड, ओट्यावर जागा खातो, गुणगुणतो, मिक्सर बंद असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत थोडी वीज खातच राहतो. आणि किंमत जवळपास नव्या मिक्सरएवढी. सहा महिन्यांसाठी हे मला पटलं नाही.

इथे एक सावधगिरी. भाऊजींनी आधी स्वस्त आणि हलकं असं काहीतरी ऑनलाइन शोधलं होतं, मुठीएवढा "ट्रॅव्हल कन्व्हर्टर", दीड हजार वॅट लिहिलेला. असली हलकी यंत्रं मुख्यतः उलट्या प्रवासासाठी असतात, अमेरिकन माणूस आपल्याकडे किंवा युरोपात हेअर ड्रायर घेऊन येतो त्याच्यासाठी, २२० मधून काही भाग कापून ११० सारखं करून देतात. कापून कमी करता येतं, कापून वाढवता येत नाही. म्हणजे भारतातून अमेरिकेला जाणाऱ्याला त्याचा शून्य उपयोग, आणि तसंही ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लावायचं नसतं.

दुसरा पर्याय भाऊजींचाच, आणि त्यांनी तो जरा अभिमानाने मांडला. कपडे वाळवायच्या ड्रायरला २४० व्होल्टचं सॉकेट असतं, तिथून वायर ओढून मिक्सर लावू! व्होल्टेजच्या हिशोबाने बरोबर आहे, अमेरिकेत घरात १२० च्या, एकमेकींच्या उलट चालणाऱ्या दोन तारा येतात आणि त्या दोघींमध्ये २४० मिळतात, मिक्सर मस्त फिरला असता. पण दोन्ही तारा जिवंत. मिक्सरचं बटण एकच तार तोडतं, म्हणजे मिक्सर बंद केला तरी मोटरपर्यंत वीज उभीच. आणि त्या सॉकेटचा ब्रेकर, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा, ३० अँपिअरचा, मिक्सरची कॉर्ड सहा अँपिअरची, काही झालं तर ब्रेकर पडायच्या आधी कॉर्ड जळेल. वर घर भाड्याचं, आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच वायरबद्दल विचारेल. मी याला सरळ नाही म्हटलं, आणि इतक्या ठाम शब्दांत म्हटलं की दोन दिवस भाऊजी फोनवर आले नाहीत.

तिसरा, ताईचाच ब्लेंडर वापरणे. स्मूदीला उत्तम, पण पाण्याशिवाय चटणी फिरत नाही आणि मसाला भरड राहतो, मावशीच्या मैत्रिणीचं म्हणणं इथे खरं निघालं.

चौथा, तिथेच ११० व्होल्टचा, म्हणजे तिकडच्या विजेवर चालणारा, भारतीय मिक्सर घेणे. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, अमेरिका-कॅनडासाठी भारतीय कंपन्या ११० व्होल्टचे मिक्सर आणि ओल्या वाटणाचे ग्राइंडरसुद्धा बनवतात, आणि न्यू जर्सीत तर एडिसनच्या ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांगच आहे. फक्त तो परत भारतात आणायचा नाही, तो ताईकडेच राहणार.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. मावशीला आधी पटत नव्हतं, घरचा मिक्सर असताना परत पैसे का, पण ताईने सोपा हिशोब मांडला की ट्रान्सफॉर्मर तू गेल्यावर माळ्यावर पडेल आणि मिक्सर मी रोज वापरेन. जुनी भांडी नव्यावर बसली नाहीत, एवढं एक दुःख झालं.

बाकी वस्तूंचं एकेक बघत गेलो. बीपी मशीन सेलवर चालतं, प्रश्न नाही. मोबाइल, टॅब, ट्रिमर सगळे यूएसबीचे, ताईकडचेच चार्जर वापरले, युनिव्हर्सल अडॅप्टर पहिल्या आठवड्यानंतर कुणी हातात घेतला नाही. शेकायच्या पिशवीला एरवी दहा मिनिटं लागायची, तिथे पाऊण तास लावली तरी कोमटच, मावशीला वाटलं बिघडली, ती नीटच होती पण पाव ताकदीवर तापायच्या आधी थंड होत होती. तिच्याऐवजी तिकडच्या औषधाच्या दुकानातून हीटिंग पॅड आणला. डासांचं मशीनही पाव गरम, त्यात लिक्विड उडतच नाही, पण खिडक्यांना जाळ्या होत्या त्यामुळे अडलं नाही. एलईडीची माळ लागलीच नाही, आतले दिवे एकामागे एक जोडून २३० व्होल्टचा हिशोब केलेला, १२० मध्ये पुरत नाही.

काय झालं

ताईचं बाळंतपण व्यवस्थित झालं, चटण्या झाल्या, काकांच्या झोपेचं सुरळीत झालं. जुना मिक्सर बॅगेतून जसा गेला तसा परत आला, नाशिकला लावून बघितला, चालतो, पण आवाज आधीपेक्षा करकरीत आहे आणि मी मोटर उघडून ब्रश बदलले.

परतीच्या वेळी एक निर्णय मात्र वेळेत झाला. काकांना तो अमेरिकन हीटिंग पॅड इतका आवडला की तो बॅगेत गेला होता. या वेळी ताईने आधी फोन केला. पॅडवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं, २४० पर्यंत नाही. हा उलटा प्रवास खरा धोक्याचा. आपली वस्तू तिकडे नेली तर ती बहुतेक वेळा रडत चालते, तिकडची वस्तू इकडे लावली तर तेच गणित उलटतं, २३० भागिले १२० चा वर्ग, साडेतीन पटीहून जास्त वॅट. पन्नास वॅटचा पॅड एकशे ऐंशीच्या पुढे जातो, तोही अंथरुणात, झोपलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली. पॅड तिकडेच राहिला, काकांना इथे २३० चा घेऊन दिला.

कुठे वेगळं करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात मोठा टप्पा निसटला तो बॅग भरताना. प्रत्येक वस्तू उलटी करून लेबल वाचायला दहा मिनिटं लागली असती. नुसतं २३० व्होल्ट लिहिलंय आणि वस्तू गरम होणारी किंवा फिरणारी आहे, तर ती घरीच. मिक्सर, पिशवी, डासांचं मशीन, माळ, हे सगळं तिथेच गळालं असतं आणि चार-पाच किलो वजन मोकळं झालं असतं, ज्यात मावशीला अजून लाडू नेता आले असते, हे तिनेच नंतर म्हटलं. दुकानदाराला दोष देण्यात मला फार अर्थ वाटत नाही. त्याला विचारलं अमेरिकेत लागेल का, त्याने सांगितलं लागेल. मिक्सर लावणार आहोत हे कुणी बोललंच नाही.

दुसरा टप्पा मिक्सर पहिल्यांदा हळू फिरला तो. घरातल्या वस्तूचा आवाज आपल्याला पाठ असतो, मावशीला तो बदललेला लगेच कळला होता, पण "फिरतोय ना" म्हणून ती पुढे गेली. आवाज वेगळा आला तिथेच प्लग काढायला हवा होता.

तिसरा, सीपॅपची कॉर्ड निघण्याआधीच घ्यायला हवी होती. तब्येतीशी संबंधित मशीन अडॅप्टरवर लटकवणं मला मान्यच नाही, तात्पुरतं एक-दोन रात्री ठीक, सहा महिने नाही. ताईने तिकडून कॉर्ड मागवून ठेवली असती तर चिकटपट्टीचा आठवडा वाचला असता. मशीन स्वतः हातातल्या बॅगेत नेलं हे मात्र त्यांनी बरोबर केलं, पॉवर बँकही विमानतळावर सांगितल्यावर चेक-इनमधून काढून हातात घेतली, लिथियमची सुटी बॅटरी सामानात टाकायची नसतेच.

बटणाचं कोडं लवकर सुटलं असतं का? कदाचित, जर पहिल्याच वेळी मशीन दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावून एक रात्र काढली असती तर. आमच्याकडे कारखान्यात हीच पद्धत, यंत्रावर संशय आला की आधी जागा बदलून बघायची, मग स्पेअर मागवायचे. इथे सगळे मशीनला आणि हर्ट्झला दोष देत राहिले कारण शेजारचा मोबाइल चार्ज होत होता, आणि एकाच सॉकेटच्या दोन भोकांची वीज वेगवेगळी असेल हे आपल्याकडच्या माणसाला सुचणं कठीणच.

आता ताई बाळाला घेऊन नाशिकला यायची आहे. तिने या वेळी सगळ्या वस्तूंच्या लेबलांचे फोटो आधीच पाठवलेत. दुधाचा पंप १०० ते २४० वाला, तो येऊ दे, फक्त चपट्या पिनांसाठी इथला साधा अडॅप्टर लागेल. बाळावर नजर ठेवायच्या कॅमेऱ्याचा चार्जरही तसाच, तोही येऊ दे. बाटली गरम करायचं मशीन नुसतं १२० चं, ते तिथेच राहील, इथे पातेल्यात पाणी गरम करून त्यात बाटली ठेवू. केस सरळ करायच्या यंत्राचा फोटो अंधुक आलाय, व्होल्ट वाचता येत नाहीत, परत काढून पाठव म्हणून सांगितलंय.